फळांचा रस शोषणारा पतंग व त्याच्या वेली

आंबिया बहाराचीं संत्रीं-मोसंबीं पिकूं लागलीं म्हणजे भाद्रपद-आश्विनांत रोज सकाळीं झाडांखालीं गळलेलीं फळें आढळतात. अशा फळावर टांचणीनें टोचल्यासारखें बारीक छिद्र असतें व दाबल्यास त्यांतून रस निघतो. पुष्कळ बागाइतदार हा दोष फळमाशीस देतात. परंतु फळांत किडे नसतील, तर हें काम बहुधा युडोसिमा नांवाच्या पतंगाचें समजावें.

हा पतंग आकारानें मोठा. पुढील पंख वाळल्या पानासारखे तपकिरी व मागील नारिंगी-पिवळे असून त्यांवर काळ्या खुणा असतात. बहुतेक पतंगांची सोंड फुलांतील मध पिण्यापुरती नाजूक असते. ह्याची मात्र टणक व कांटेरी असल्यानें निरोगी फळाची सालही भेदते. तो दिवस मावळल्यावर बागेंत येतो. त्यानें पाडलेल्या छिद्रांतून बुरशी आंत शिरते, फळ कुजतें व थोड्याच दिवसांत गळतें. डाळिंब, पेरू व आंबा ह्यांसही त्याचा उपद्रव होतो.

ह्यांतील फॅलोनिया ही जात आफ्रिकेपासून भारत, आग्नेय आशिया व ऑस्ट्रेलियापर्यंत पसरली असून १९८५ सालीं ती हवाई बेटांतही आढळली. प्रशांत महासागरांतील बेटांवर तिची अळी पांगाऱ्याच्या जातीच्या झाडांवर वाढते. आपल्याकडे ती गुळवेल, वासनवेल अशा रानवेलींवर पोसते. अळी काळसर, मखमली असून तिच्या दोन्ही बाजूंस डोळ्यांसारखे ठिपके असतात.

तात्पर्य, नुकसान बागेंत होतें, पण शत्रूची पैदास कुंपणावर होते. फळझाडांवर औषध फवारून फारसें साधत नाहीं. कारण पतंग पान खात नाहीं, सालींत सोंड खुपसून आंतील रस पितो. म्हणून पावसाळ्यांतच बांध व कुंपणें तपासून ह्या वेली काढाव्या. औषधासाठीं गुळवेल राखावयाची असल्यास तिच्यावरील अळ्या वेंचून माराव्या. गळलेलीं फळें रोज पुरावीं, कारण त्यांच्या वासानें आणखी पतंग येतात. फळें पिकूं लागतांच सायंकाळीं बागेंत धूर करावा व थोडीं झाडें असल्यास फळांस पिशव्या बांधाव्या.

हा पतंग दूरवर उडणारा आहे. एकानें कुंपण साफ केलें व शेजाऱ्यानें वेली तशाच ठेविल्या, तर श्रम वायां जातील. सबब हें काम सर्व शिवारानें मिळून करावें.