निजामाची फौज, हिंगोलीची छावणी आणि अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय

मराठवाड्यातील इतिहास विभागांच्या शैक्षणिक सहली बहुधा वेरूळ, अजिंठा किंवा दौलताबाद येथे जातात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल या लष्करी संस्थेने १९९४ मध्ये उभारलेले रणगाडा संग्रहालय त्यांच्या यादीत क्वचितच आढळते. सुमारे ५० रणगाडे व चिलखती वाहने तेथे आहेत. रोल्स रॉइस चिलखती मोटार, विजयंता आणि पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन यांभोवती विद्यार्थ्यांची गर्दी होणे स्वाभाविक आहे. तथापि, हे रणगाडे चालविणाऱ्या रिसाल्यांची नावे परभणीच्या अभ्यासकास अधिक बोलकी वाटावीत. १९६५ मध्ये असल उत्तर येथे शर्मन रणगाड्यांसह लढलेल्या 'डेक्कन हॉर्स' या रिसाल्याचे मूळ निजामाच्या घोडदळात आहे.

निजामाचे घोडदळ म्हणताच राजाचे रक्षक दल डोळ्यांसमोर येते. तसे दल निजामाकडे होतेही. हबशी स्वारांचे 'आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्स' हे ते दल होय, हैदराबादेतील 'ए. सी. गार्ड्स' या वस्तीच्या नावात ते आजही टिकून आहे. 'हैदराबाद कंटिन्जन्ट' मात्र निराळी. तिच्या नावात हैदराबाद, खर्च निजामाच्या माथी, आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ च्या सुमारास उभारलेली रसेल ब्रिगेड हे तिचे आरंभीचे रूप. तिच्या पगारासाठी दरबारास हैदराबादच्या पामर पेढीचे कर्ज काढावे लागले. कर्ज साचत गेले आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब इंग्रजांकडे सोपवावे लागले. पैकी धाराशिव व रायचूर १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही. आपल्याच नावाच्या फौजेपायी राज्याने प्रांत गमवावा, याहून विचित्र संरक्षण कोणते?

या फौजेची एक छावणी हिंगोली येथे होती. (हिंगोली १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते.) १९०३ मध्ये फौज ब्रिटिश हिंदी लष्करात विलीन झाली. तिच्या पायदळातून १९२२ मध्ये १९ वी हैदराबाद रेजिमेंट घडली आणि १९४५ मध्ये तिचेच नाव कुमाऊँ रेजिमेंट झाले. एलिचपूर, म्हणजे अचलपूर येथे १७८८ मध्ये नवाब सलाबतखानाने उभारलेली पलटण आज चौथी कुमाऊँ आहे. पहिले परमवीर चक्र मिळालेले मेजर सोमनाथ शर्मा याच पलटणीचे. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी ते बडगाम येथे धारातीर्थी पडले. या पायदळाचा वारसा पाहावयाचा तर रानीखेत येथील रेजिमेंटचे संग्रहालय गाठावे लागते.

अशा दालनांत युद्धसन्मानांची यादी वाचताना एका नावापाशी थांबणे अगत्याचे आहे. १८१७ च्या महिदपूरनंतर 'नोव्हा' हा सन्मान या फौजेस मिळाला. हा कोणी परकीय रणसंग्राम नव्हे. जानेवारी १८१९ मध्ये हटकर नाईक नोवसाजी याच्या नाव्हा येथील गढीला निजामाच्या फौजेने घातलेला तो वेढा होता. स्वातंत्र्योत्तर भारतीय सैन्याने देशी सत्तांविरुद्ध मिळविलेले सन्मान मिरविण्याचे सोडले, हे योग्यच झाले. संग्रहालयात मात्र ते नाव पुसले जाऊ नये. ज्या मुलखात ही गढी पडली, त्याच मुलखाच्या महसुलातून वेढा घालणाऱ्यांचा पगार निघत होता.