पोशाखातून इतिहासाकडे

दरवर्षी १९ फेब्रुवारीस गावोगावी शिवजयंतीचे समारंभ होतात. शाळांची स्नेहसंमेलनेही थोडी मागेपुढे याच सुमारास साजरी होतात. अशाच एका संमेलनास उपस्थित राहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला होता. भाड्याने आणलेल्या, चकचकीत कापडाच्या अंगरख्यात एक चिमुकला मावळा रंगमंचावर उभा होता. ऐन प्रवेशात अंगरख्याच्या पाठीवरील चेन उसवली आणि प्रेक्षकांत हशा पिकला. हशा ओसरल्यावर पुढच्या रांगेतील एका मुलीने शेजारच्या गुरुजींना विचारले, “गुरुजी, तेव्हा चेन होती का?” गुरुजी क्षणभर निरुत्तर झाले.

प्रश्न लहान, पण मर्मावर बोट ठेवणारा होता. पाठ्यपुस्तकातील इतिहास मुले विसरतात. रंगमंचावर डोळ्यांनी पाहिलेला इतिहास मात्र जन्मभर स्मरणात राहतो. तो चुकीचा असेल, तर चूकही तितकीच टिकते. एकेकाळी इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच व्यक्तीचे चित्र शिवछत्रपतींचे म्हणून सर्वत्र प्रचलित होते. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी महाराजांचे अस्सल चित्र प्रकाशात आणले, तेव्हा तो भ्रम दूर झाला. चित्राबाबत जे घडले, ते पोशाखाबाबत घडू नये, यासाठी ऐतिहासिक पोशाख स्वतः तयार करण्याचा छंद मोलाचा ठरतो.

या छंदाचा पहिला नियम म्हणजे कात्री हाती घेण्यापूर्वी पुरावा पाहणे. चेनचा आजचा प्रकार १९१३ च्या सुमारास सिद्ध झाला. सेफ्टी पिन १८४९ मधील. पहिला कृत्रिम रंग १८५६ साली तयार झाला, तर नायलॉनचा शोध १९३५ चा. म्हणजे सतराव्या शतकातील मावळ्याच्या अंगावर यांपैकी काहीही असणे शक्य नाही. त्याचा कपडा सुती व जाडाभरडा, आणि तो बांधण्याचे साधन म्हणजे कापडाचेच बंद. हे बंदही बोलके असतात. मोगल काळात हिंदूंनी जामा डाव्या बगलेत व मुसलमानांनी उजव्या बगलेत बांधण्याचा प्रघात होता. जुन्या चित्रातील व्यक्ती ओळखताना जाणकार आजही ही खूण पाहतात.

नवशिक्याने आरंभ बाराबंदीपासून करावा. ही केवळ संग्रहालयातील वस्तू नव्हे. सोलापूर येथे मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या श्रीसिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेत नंदीध्वज वाहणारे भक्त शुभ्र बाराबंदी परिधान करतात. त्यामुळे ती कशी बेततात, हे आजही प्रत्यक्ष पाहून शिकता येते. नावाप्रमाणे तिला बारा बंद, म्हणजे बंदांच्या सहा जोड्या असतात. समोरचे दोन पदर एकमेकांवर येतात. आतला पदर आतील बंदांनी व वरचा बाहेरील बंदांनी बांधावयाचा असतो.

एक मीटर पन्ह्याचे हातमागाचे सुती कापड प्रौढ व्यक्तीसाठी अडीच ते तीन मीटर पुरते. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. म्हणून ते बेतण्यापूर्वीच धुऊन वाळवावे. प्रथम जुन्या धोतराच्या किंवा चादरीच्या तुकड्यावर नमुना कापून कच्च्या टाक्यांनी जोडावा व अंगावर घालून पाहावा. बगलेत कापडाचा चौकोनी तुकडा जोडण्यास विसरू नये. तो नसला, तर तलवारीचा हात उंचावताच शिवण उसवते. शिवणयंत्राचा वापर निषिद्ध नाही. मात्र बाहेरून दिसणारी शिवण हाताने घातल्यास पोशाखास खरेपणा येतो. रंग द्यावयाचा असल्यास कापडावर तुरटीचा संस्कार करून मंजिष्ठाचा तांबडा रंग चढविता येतो. हळदीचा पिवळा रंग सोपा, परंतु उन्हात लवकर उडणारा आहे.

बाराबंदी साधली की चोळणा, शेला, मुंडासे आणि पुढे घेरदार जामा अशी वाटचाल करता येते. आधारासाठी साधने आपल्या राज्यातच आहेत. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय आणि सातारा जिल्ह्यात औंध येथे १९३८ साली स्थापन झालेले श्री भवानी वस्तुसंग्रहालय येथे सहली जातातच. तेथे तलवारींबरोबर वस्त्रे आणि चित्रांतील पोशाखही मुलांना मुद्दाम दाखवावेत. पेशवाईच्या उत्तरकाळासाठी, पुण्यात काम केलेल्या जेम्स वेल्स या चित्रकाराने रंगविलेली सवाई माधवराव व नाना फडणीस यांची चित्रे उपयुक्त आहेत. त्याचा मृत्यू १७९५ साली झाला. म्हणजे ही चित्रे त्या व्यक्तींच्या हयातीतीलच होत.

हा छंद किती दूरवर नेऊ शकतो, याचे उदाहरण कोल्हापूरच्या भानू अथैया यांचे आहे. ‘गांधी’ या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली त्यांना जॉन मोलो यांच्यासमवेत ऑस्कर पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. प्रत्येकाने तेवढी मजल मारावी, अशी अपेक्षा नाही. परंतु शाळेने वर्षाला एकच पोशाख गावच्या शिंप्याच्या किंवा महिला बचतगटाच्या साहाय्याने तयार केला, तरी पाच वर्षांत पाच पोशाखांची पेटी उभी राहील. तिच्यासाठी कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि एक कोरडा कोपरा ग्रामपंचायतीस सहज देता येईल.

प्रत्येक पोशाखासोबत मात्र एक चिठ्ठी अवश्य ठेवावी. पोशाख कोणत्या चित्रावरून अथवा वस्तूवरून केला, त्यातील कोणता भाग पुराव्यास धरून आहे आणि कोणता केवळ अंदाजाचा, हे तीत प्रामाणिकपणे नमूद करावे. पुरावा आणि अंदाज यांतील भेद ओळखणे हाच इतिहासाचा पहिला धडा आहे. तो सुईदोऱ्याने शिकलेला विद्यार्थी पुढच्या रांगेतील मुलीच्या प्रश्नास उत्तर देऊ शकेल.