हार्वेस्टर आला, पण सोयाबीन कुठे सांडलं?

हार्वेस्टर शेतात फिरायला लागला की आपलं लक्ष टाकी किती भरली याकडे असतं. आम्ही म्हणतो, आधी खाली मातीत बघा. सोयाबीनचं जास्त नुकसान मळणीत होत नाही. ते पुढच्या हेडरपाशीच होतं.

साधा हिशोब करू. एका चौरस फुटात 10 दाणे सांडले, तर काय मोठंसं? पण एकरात 43,560 चौरस फूट असतात, म्हणजे 4,35,600 दाणे. शंभर दाण्यांचं वजन 12 ग्रॅम धरा. झाले 52 किलो! एकरी अर्धा क्विंटल मातीत.

मोजायचं कसं? उभ्या पिकात आधीच गळलेले दाणे मोजा. मग मशीन थांबवून तिच्या लांबीइतकी मागे घ्यायला सांगा. इंजिन बंद झाल्यावरच पुढे जा. उघड्या पडलेल्या पट्टीत मागचा भुसा पडलेला नसतो. तिथले दाणे मोजा, शेंगांतलेही धरा. दोन्हींतला फरक म्हणजे हेडरचं नुकसान.

आता दुरुस्ती. धसकटांना शेंगा राहिल्या असतील, तर कटर उंच चाललाय. पाऊस कमी झालेल्या वर्षी झाड बुटकं राहतं, शेंगा अगदी खाली लागतात. कटर खाली घ्यावा लागतो. दगडगोट्यांचं रान असेल तर मात्र जपून.

शेंगा फुटून सुटे दाणे पडत असतील, तर रील बघा. रीलचा वेग मशीनच्या चालीपेक्षा थोडाच जास्त हवा, साधारण 10 ते 25 टक्के. त्याहून जोरात फिरला की तो पीक आत घेत नाही, झोडपतो. दुपारच्या उन्हात शेंगा कडक होतात, तेव्हा तर हमखास. मग रील आणि चाल, दोन्ही कमी करा.

पीक लोळलं असेल, तर रील खाली आणि पुढे घ्या, म्हणजे बोटं झाड उचलतील. शक्यतो झुकलेल्या पिकाच्या समोरून कापा.

ड्रायव्हरला घाई असते, पुढचं रान वाट बघत असतं. ते आम्हालाही कळतं. पण सकाळचं सेटिंग दुपारी चालत नाही. म्हणून पहिल्या फेरीनंतर दहा मिनिटं थांबा, दाणे मोजा आणि दुपारी पुन्हा मोजा. एकराचं भाडं आपण देतोच. अर्धा क्विंटल वरून कशाला द्यायचा?