व्हॉल्व्ह बंद कोण करतं?

शेवरले कॉर्व्हेटच्या १९९७ सालच्या मॉडेलमध्ये जनरल मोटर्सने एलएस-१ हे ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन आणलं. गाडीची ताकद वाढवण्याची हौस असलेली अमेरिकेतली मंडळी तेव्हापासून या घराण्यातली इंजिनं उघडत आली आहेत. पहिला बदल बहुधा कॅमशाफ्टचा. उंचवटे मोठे केले की व्हॉल्व्ह जास्त उघडतो, हवा जास्त येते. पुढे कधीतरी स्प्रिंग तुटते किंवा रॉकर खिळखिळा होतो. तुटलेला भाग नवा बसतो, पण तो कशामुळे तुटला हे फारसं कुणी शोधत नाही. खरं कारण पुष्कळदा शेजारच्या भागात असतं.

या इंजिनात कॅमशाफ्ट खाली, ब्लॉकमध्येच असतो. त्याचा उंचवटा टॅपेटला वर लोटतो, टॅपेट पुशरॉडला. पुशरॉड रॉकरचं एक टोक उचलतो, दुसरं टोक व्हॉल्व्ह दाबून उघडतं. यात सगळे भाग एकमेकांना फक्त ढकलतात. व्हॉल्व्ह मागे ओढून घेण्याची सोय कॅमजवळ नाही, ते काम एकट्या स्प्रिंगचं.

इंजिन मिनिटाला ७,००० फेरे घेतं तेव्हा कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे घेतो, म्हणजे एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारे ५८ वेळा उघडतो. फेरे ६,००० वरून ७,००० केले तर वेग सतरा टक्क्यांनी वाढतो, पण जडत्वाचा जोर वेगाच्या वर्गाने, म्हणजे ३६ टक्क्यांनी. स्प्रिंग कमी पडली की टॅपेट कॅमपासून सुटतो, व्हॉल्व्ह क्षणभर अधांतरी राहतो आणि मग सीटवर आपटून उसळतो. स्प्रिंग व्हॉल्व्हला जोडणारा रिटेनर आणि त्याला धरणारे चिमुकले लॉक हे धक्के सोसत राहतात. लॉक सुटला तर व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो आणि पिस्टन त्याच्यावर येऊन आदळतो. घाईत चुकून खालचा गिअर पडला तरी हेच होऊ शकतं: फेरे आवरणारी यंत्रणा इंधन तोडते, पण चाकंच इंजिन फिरवत असतील तर ती काय करणार?

मग कडक स्प्रिंग बसवली जाते. ती हवीच, पण तिचा वाढीव दाब रॉकरच्या बेअरिंगवर येतो. एलएस-१ च्या मूळ रॉकरमध्ये बारीक सुयांची बेअरिंग असते आणि त्या सुयांना पिंजरा नसतो. रॉकर पूर्ण फिरत नाही, थोडासा डोलतो, त्यामुळे सुया त्याच त्या जागी दाब खातात. बेअरिंग निकामी झाली की त्या गळून तेलात जातात. म्हणून अनेकजण तिथे ब्राँझचं बुश घालतात.

मला सर्वात मोलाचं वाटतं ते रॉकरचं गणित. त्याचं गुणोत्तर १.७ आहे: कॅम ८ मिलिमीटर उचलतो, तर व्हॉल्व्ह १३.६ मिलिमीटर उघडतो. व्हॉल्व्हकडचं वजन तेवढ्याच पटीने जास्त वेगात हलतं आणि त्याचा जोर रॉकरमधून कॅमकडे येताना पुन्हा तेवढ्याच पटीने वाढतो, म्हणून कॅमला त्यातला एक ग्रॅम जवळजवळ तीन ग्रॅमसारखा जाणवतो. रिटेनर टायटॅनियमचा घेतात तो यासाठी. पुशरॉड मात्र जाड घेतात. त्याचं वजन कॅमच्या बाजूला असतं, ते चालून जातं. तो दाबाखाली लवला तर मात्र व्हॉल्व्हची चाल बिघडते.

स्प्रिंग बसवताना व्हॉल्व्ह पूर्ण उघडून तिचे वेढे एकमेकांना टेकत नाहीत ना, हे बघायचं. सगळे वेढे मिळून दीडेक मिलिमीटर जागा उरायला हवी. उष्णतेने आणि वापराने तिचा जोर कमी होत जातो, म्हणून अधूनमधून तो मोजायचा. सोळांपैकी एक जरी ढिली निघाली, तरी सोळाही बदलायच्या.