लाल म्हणजे करंट आणि काळी म्हणजे अर्थ?

जुन्या गाडीचं बॉनेट उघडून वायरिंगला हात घातला की खांद्यावरून कोणीतरी सांगतंच, "सोपं आहे, लाल वायर करंटची, काळी अर्थची." घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीपुरतं ते ठीक आहे. तीस-चाळीस वर्षं जुन्या गाडीत मात्र याच वाक्याच्या भरवशावर हार्नेस जळतात. एवढं ठामपणे सांगण्याआधी ही गाडी कोणत्या देशाच्या पद्धतीने वायरिंग केलेली आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

मॉरिस, ऑस्टिन, लँड रोव्हर अशा जुन्या ब्रिटिश गाड्या घ्या. मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेल्या ॲम्बॅसेडरच्या वायरिंगचं कूळही हेच. गाड्यांचे विजेचे भाग बनवणाऱ्या लुकास कंपनीने रूढ केलेली ही रंगपद्धत पुढे ब्रिटिश स्टँडर्ड एयू 7 मध्ये नोंदली गेली. तिच्यात बॅटरीवरून थेट येणारा करंट तपकिरी वायरमध्ये असतो, तोही बहुतेक ठिकाणी फ्यूजशिवाय. चावी फिरवल्यावर चालू होणारी वायर पांढरी आणि तीच फ्यूजमधून पुढे गेली की हिरवी. हेडलाइटचं काम निळ्याकडे असतं, निळ्यावर पांढरी रेघ म्हणजे अप्पर आणि लाल रेघ म्हणजे डिपर. काळी अर्थची. आणि सगळे जिला करंटची म्हणतात ती नुसती लाल? ती पार्किंग आणि टेललाइटची. लाइटचं बटण दाबेपर्यंत तिच्यात काहीच नसतं.

आता जुनी जर्मन गाडी उघडा. तिथे तपकिरी वायर म्हणजे अर्थ आणि काळी म्हणजे चावीनंतरचा करंट. ब्रिटिश गाडीत जी सतत जिवंत ती इथे अर्थ, आणि तिथली अर्थ इथे जिवंत! संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जुळवल्या गेलेल्या पहिल्या पिढीच्या स्कोडा ऑक्टेव्हियातही फोक्सवॅगनची हीच पद्धत आहे. त्या गाड्याही आता जुन्यांत जमा होऊ लागल्या आहेत आणि त्यांच्यावर हात चालवणारे अनेक कारागीर ॲम्बॅसेडरवर शिकलेले आहेत. उलट, तपकिरी म्हणजे अर्थ असं डोक्यात बसलेल्या माणसाने ब्रिटिश गाडीतली मोकळी तपकिरी वायर बॉडीला आवळली, तर मध्ये फ्यूज नसल्याने बॅटरीचा सगळा जोर त्या वायरवर येतो. तिचं आवरण वितळतं आणि शेजारच्या वायरी एकमेकींना चिकटतात.

दुचाकीवाल्यांनी हा चारचाकीचा प्रश्न समजू नये. हिरो होंडा सीडी 100 मध्ये अर्थ हिरवी आहे, बॅटरीची लाल आणि चावीनंतरची काळी. त्याच काळातल्या यामाहा आरएक्स 100 मध्ये अर्थ काळी आणि चावीनंतरची तपकिरी. दोन्ही जपानी, दोन्ही एकाच गल्लीत दुरुस्तीला येणाऱ्या, तरी काळ्या वायरचं काम एकदम उलटं.

आणि हे सगळं मूळ हार्नेस शाबूत असेल तर. इतक्या वर्षांत गाडी किती हातांतून गेलेली असते. दुकानात ज्या रंगाचं बंडल उघडं होतं त्यातली वायर कापून कोणीतरी हॉर्न "डायरेक्ट" केलेला असतो. इंजिनच्या उष्णतेने आणि तेलाने लाल वायर तपकिरी दिसायला लागते, पांढरी पिवळट होते. मूळ रंग पाहायचा असेल तर टेप सोडवून हार्नेसच्या आतला, उजेड न लागलेला भाग बघावा लागतो.

म्हणून रंग हा अंदाज समजावा आणि वायर तिच्या वागणुकीवरून ओळखावी. चावी बंद असतानाही टेस्ट लॅम्प पेटतो ती बॅटरीची. चावी फिरवल्यावरच पेटतो ती चावीनंतरची. अर्थ शोधायचा असेल तर बॅटरीचं टोक काढून मल्टिमीटरने वायर आणि बॉडी यांच्यातला रोध मोजावा, पण बल्बमधूनही मीटरला वाट सापडते, म्हणून आधी बल्ब काढून ठेवावेत. ओळख पटलेल्या वायरच्या दोन्ही टोकांना कागदी टेप लावून लगेच नाव लिहावं, "नंतर लिहू" असं म्हणू नये. एअरबॅगच्या आणि ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाच्या) वायरींना टेस्ट लॅम्प कधीच लावायचा नाही.

"बॉडी म्हणजे निगेटिव्ह" हेही सरसकट खरं नाही. 1960च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असायचं. अशा गाडीत रेडिओ किंवा मोबाइलचा चार्जर नेहमीच्या सवयीने जोडला तर तो तिथेच संपतो. आधी बॅटरीची कुठली केबल बॉडीला गेली आहे ते बघा.

"मीटरवर 12 व्होल्ट दिसले, म्हणजे वायर चांगली." नाही! मीटर जवळपास करंट घेतच नाही, त्यामुळे एकच तंतू शिल्लक असलेल्या वायरवरही तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. 55 वॉटच्या हेडलाइटला साडेचार अँपिअरच्या वर करंट लागतो आणि गंजलेल्या जोडात ओहमचा दहावा भाग रोध असला तरी अर्ध्या व्होल्टच्या आसपास तिथेच खर्च होतो. व्होल्टेज मोजायचं ते बल्ब पेटता ठेवून.

फ्यूजच्या रंगाचीही तीच कथा आहे. आजच्या पात्यासारख्या फ्यूजमध्ये पिवळा म्हणजे 20 अँपिअर. बीटलसारख्या जुन्या युरोपीय गाड्यांतल्या दोन्हीकडे निमुळत्या फ्यूजमध्ये पिवळा म्हणजे 5. लाल इथे 10, तिथे 16. निळा इथे 15, तिथे 25. लुकासच्या काचेच्या फ्यूजवर 35 छापलेलं असतं, पण तो आकडा फ्यूज वितळण्याचा. सतत वाहायचा करंट त्याच्या निम्मा, 17 अँपिअर. अमेरिकी पद्धतीच्या काचेच्या फ्यूजवर सतत वाहण्याचा आकडा असतो. त्यातला 35चा बसवला की संरक्षण निम्म्यावर आलं.

"सारखा उडतो, मोठा टाक" हा सल्ला तर गुन्हा आहे. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. तो वाढवला तर शॉर्ट तसाच राहतो आणि फ्यूजच्या जागी वायर तापते. सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

राहिला रिले. "चार पिना आहेत, कुठलाही बसेल." पिना बसतात, पण जोडणी जुळेलच असं नाही. पिनांच्या आकड्यांचं जर्मन मानक डीआयएन 72552 नुसार 30 म्हणजे येणारा करंट, 87 म्हणजे लोडकडे जाणारा आणि 85-86 म्हणजे कॉइल. एकाच आकाराच्या रिलेच्या दोन रचना बाजारात मिळतात आणि त्यांत 30 आणि 86 यांच्या जागांची अदलाबदल असते. पाच पिनांच्या रिलेत मधली पिन 87ए असेल तर रिले बंद असताना ती जिवंत असते. काही रिलेंत मात्र मधली पिन दुसरी 87 असते. या दुसऱ्या प्रकारच्या होल्डरमध्ये 87ए वाला रिले खोचला तर त्या पिनेवरचा लोड रिले बंद असतानाच चालू राहतो आणि सकाळी बॅटरी उतरलेली सापडते. रिलेच्या कुशीवर जोडणीची आकृती छापलेली असते. जुना काढला की ती नव्याच्या आकृतीशी ताडून बघा, आणि जुन्यावरची पुसली गेली असेल तर मीटरने कॉइलच्या दोन पिना शोधा. 12 व्होल्टच्या बहुतेक रिलेंत त्यांच्यामध्ये शंभरएक ओहमच्या आसपास रोध मिळतो.