समजल्यासारखं वाटतं तेव्हा

विमान हवेत कसं टिकतं, असं मोबाइलवर विचारलं की मिनिटा-दोन मिनिटांचे ढीगभर व्हिडिओ समोर येतात आणि त्यांतल्या पुष्कळांत एकच गोष्ट सांगितलेली असते. पंखाची वरची बाजू फुगीर, खालची सपाट. पुढच्या कडेला हवा दुभंगते. वरून जाणाऱ्या हवेला लांबचा पल्ला पडतो, पण मागच्या कडेला तिला खालच्या हवेबरोबरच पोचायचं असतं, म्हणून ती जोरात धावते. वेग वाढला की दाब घटतो आणि पंख उचलला जातो. पडद्यावर बाण हलतात, रंग बदलतात, पाहणारा मान डोलावतो. अडचण एवढीच, की यातला मधला दुवाच खोटा आहे. वरच्या आणि खालच्या हवेने मागच्या कडेला एकाच वेळी पोचावं असा निसर्गात कुठलाही नियम नाही. केंब्रिज विद्यापीठातले प्राध्यापक होल्गर बाबिन्स्की यांनी पंखाभोवती धुराचे तुटक झोत सोडून हे दाखवलं आणि विद्यापीठाने २०१२ मध्ये ते चित्रण सर्वांसाठी खुलं केलं. त्यात वरचा धूर खालच्या धुराच्या बराच आधी मागे पोचलेला दिसतो. वरची हवा वेगाने जाते आणि तिथला दाब कमी असतो हे खरंच; पण त्याचं कारण पंखाभोवती प्रवाह वळतो हे आहे, आणि पंख हवेला खाली लोटतो म्हणून हवा पंखाला वर लोटते. कागदी विमानाचे पंख दोन्ही बाजूंनी सपाटच असतात, हवाई कसरतींत विमानं उलटी होऊनही उडतात, एवढं आठवलं असतं तरी त्या पहिल्या गोष्टीबद्दल शंका यायला हवी होती.

ती चुकीची गोष्ट मिनिटभराची आणि धुराचं चित्रणही तेवढंच. तेव्हा छोट्या माहितीपर व्हिडिओंवर लांबीवरून जी टीका होते (लक्ष टिकत नाही, वाचन सुटलं वगैरे), ती मला फारशी पटत नाही. मूळ दोष गुळगुळीतपणाचा आहे. पाहणारा कोऱ्या पाटीने येत नाही. रोजच्या अनुभवातून बनवलेलं एक उत्तर त्याच्याजवळ आधीच असतं. जो व्हिडिओ त्या उत्तराला हात न लावता आपलं उत्तर सफाईने सांगून मोकळा होतो, तो कुतूहल शमवतो आणि समज होती तिथेच ठेवतो.

हा नुसता अंदाज नाही. डेरेक म्यूलर यांनी सिडनी विद्यापीठात २००८ मध्ये पूर्ण केलेलं पीएचडीचं संशोधन नेमकं याच प्रश्नावर होतं. हवेत सरळ वर फेकलेला चेंडू घ्या. तो वर जात असताना त्याच्यावर कोणतं बल काम करतं? हवेचा विरोध सोडला तर उत्तर आहे, फक्त गुरुत्वाकर्षण. पण बहुतेकांना वाटतं की हाताने दिलेला जोर चेंडूत शिल्लक असतो, तो हळूहळू संपतो आणि मग चेंडू खाली येतो. म्यूलर यांनी विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आधी अशा प्रश्नांची चाचणी दिली, मग व्हिडिओ दाखवले आणि पुन्हा चाचणी घेतली. ज्यांनी स्वच्छ, नेटकं स्पष्टीकरण पाहिलं त्यांनी व्हिडिओ सोपा आणि स्पष्ट असल्याची पावती दिली. त्यांचे गुण मात्र २६ पैकी सरासरी ६ होते ते ६.३ झाले. दुसऱ्या प्रकारच्या व्हिडिओत एक पात्र तो चुकीचा समज ठामपणे मांडतं, दुसरं त्याला प्रश्न विचारतं, आणि वाद होत होत बरोबर उत्तर निघतं. हे पाहणाऱ्यांना व्हिडिओ गोंधळात टाकणारा वाटला, डोक्याला ताण द्यावा लागला. पण त्यांचे गुण ११ वर गेले. पहिल्या गटातल्या मुलांनी लक्ष दिलं नाही असं म्हणता येत नाही. त्यांनी पाहिलं, पण स्वतःचाच समज पडद्यावर सांगितला जातोय असं मानून पाहिलं.

समाधान आणि समज यांची अशी फारकत होते हे इतरांनीही मोजलं आहे. येल विद्यापीठात लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना विचारलं, की कपड्याची चेन, संडासाचा फ्लश अशा वस्तू कशा चालतात हे तुम्हाला कितपत कळतं? लोकांनी स्वतःला बरे गुण दिले. मग त्यांना ती कृती पायरीपायरीने लिहायला सांगितली आणि पुन्हा गुण मागितले, ते घसरले. शिकागो विद्यापीठातल्या मायकेल कार्दास आणि एड ओ'ब्रायन यांच्या २०१८ च्या अभ्यासात डार्ट फेकण्यासारख्या कौशल्याचा व्हिडिओ काहींनी एकदा पाहिला, काहींनी वीसदा. वीसदा पाहणाऱ्यांचा आपल्याला ते जमेल हा विश्वास वाढला, नेम नाही. पाहण्याचा ओघ सहज असला की तो सहजपणा माणूस स्वतःच्या खात्यावर जमा करून टाकतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की ही काही शाळा नव्हे. बसमध्ये चार मिनिटं मिळाली, आकाश निळं का ते पाहिलं, मजा आली, संपलं. मजेला कोणाचीच हरकत नाही. पण हे व्हिडिओ मजा म्हणून विकले जात नाहीत, उत्तर म्हणून विकले जातात, आणि पाहणारा ते उत्तर पुढे मुलांना सांगतो. या व्यवसायातल्या शहाण्या लोकांनाही ही जबाबदारी जाणवलेली आहे. म्युनिकच्या 'कुर्त्सगेझाक्ट' या अॅनिमेशनसाठी नावाजलेल्या चॅनेलने २०१९ मध्ये, आमच्यावर किती विश्वास ठेवावा, या विषयावरच एक व्हिडिओ केला आणि व्यसन व निर्वासित या विषयांवरचे आपले दोन लोकप्रिय व्हिडिओ आताच्या कसोटीला उतरत नाहीत म्हणून काढून टाकले. प्रेक्षकसंख्येवर पोट असलेल्या धंद्यात ही छोटी गोष्ट नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चुकीची कल्पना बोलून दाखवली तर ती नव्याने रुजणार नाही का? शिवाय गोंधळात टाकणारा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहील कोण? पहिल्या भागाचं उत्तर म्यूलर यांच्या आकड्यांतच आहे: चूक आधीच रुजलेली असते, ती उजेडात आणून तिथल्या तिथे खोडली तर समज सुधारतो. धोका आहे तो चूक सांगून पुढे निसटण्यात, किंवा जिचा कोणी विचारही केला नव्हता अशी चूक ओढूनताणून उभी करण्यात. दुसऱ्या भागाचं उत्तर त्यांच्या चॅनेलमध्ये. २०११ मध्ये त्यांनी 'व्हेरिटासियम' सुरू केलं तेव्हा अनेक व्हिडिओ रस्त्यावरच्या माणसांना प्रश्न विचारून, त्यांची चुकीची उत्तरं ऐकून मगच स्पष्टीकरणाकडे वळत. आज त्या चॅनेलचे सदस्य एक कोटीहून कितीतरी जास्त आहेत. म्हणजे लोक थोडा गोंधळ सोसतात, तो आपलाच आहे हे कळलं तर.

चूक उजेडात आणण्याचा आणखी एक मार्ग आहे, स्वतः हातांनी करून पाहण्याचा, आणि त्याचं उत्तम उदाहरण पुण्यातलंच. आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवण्याच्या शेकडो फिल्म केल्या, त्या मराठीसह अनेक भाषांत उपलब्ध आहेत. बहुतेक मिनिट-दोन मिनिटांच्या. त्यांत समजावणं जवळजवळ नसतंच. एक बॅटरी, दोन सेफ्टी पिना, रबर बँड, चुंबक आणि तांब्याच्या इनॅमलच्या तारेचं वेटोळं, झाली मोटर. वेटोळ्याच्या एका टोकावरचं इनॅमल पूर्ण खरवडायचं नाही, एका बाजूला ठेवायचं, म्हणजे अर्ध्या फेऱ्यात वीज तुटते आणि वेटोळं आपल्याच वेगाने पुढे जातं. कोणी पूर्ण खरवडलं तर मोटर फिरण्याऐवजी थरथरत राहते. इथे चूक दाखवायला दुसरं पात्र लागत नाही. नुसतं पाहून सोडून देणाऱ्याला मात्र या फिल्मही डार्टच्या व्हिडिओइतक्याच उपयोगाच्या.

प्रेक्षकाच्या डोक्यातलं उत्तर महत्त्वाचं मानलं, तर मराठी व्हिडिओ करणाऱ्यांना एक गोष्ट टाळता येणार नाही: इंग्रजी संहितेला मराठी आवाज दिला की काम भागत नाही, कारण चुका आणि प्रश्न हवामानानुसारही बदलतात. ऋतूंचंच घ्या. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते हा समज जगभर आहे, आणि तो खोडायला सोपा आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते, म्हणजे महाबळेश्वरला शेकोट्या पेटतात तेव्हा; आणि जुलैच्या सुरुवातीला ती सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर असते. खरं कारण अक्षाचा साडेतेवीस अंशांचा कल. युरोप-अमेरिकेतले व्हिडिओ इथे थांबतात, कारण त्यांचा उन्हाळा जून ते ऑगस्ट असतो आणि हिशेब जुळतो. नागपूरच्या किंवा पुण्याच्या मुलाचा जुळत नाही. त्याच्याकडे पारा चढतो एप्रिल-मेमध्ये आणि जूनमध्ये, दिवस सर्वांत मोठा असताना, उतरू लागतो. पुण्यात सूर्य मेच्या मध्याच्या सुमारास भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. त्या वेळी अंगणात उभ्या ठेवलेल्या बाटलीची सावली तिच्या बुडाखालीच राहते. हे मोबाइलवर टिपायला मिनिटही लागत नाही. सूर्य तसाच डोक्यावर पुन्हा जुलै संपता संपता येतो, आणि तेव्हा छत्री घेऊन फिरणाऱ्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण मधे मोसमी ढग आलेले असतात. कल आणि ढग हे दोन्ही सांगणारा, आणि 'मग जुलैत का उकडत नाही?' हा प्रश्न पाहणाऱ्याच्या आधी स्वतःच विचारणारा व्हिडिओ इथल्याच कोणीतरी करायचा आहे.