कच्च्या भाज्यांतील परजीवी : दोष भाजीचा नव्हे, पाण्याचा

म्हैसूरमधील अग्रहार हा राजवाड्यानजीकचा जुना भाग. रामनवमी असो वा लग्नकार्य, येथील पानात काकडी, गाजर आणि भिजवलेल्या मूगडाळीची 'कोसंबरी' असतेच. आपल्या कोशिंबिरीची ही सख्खी बहीण. हे पौष्टिक पदार्थ न शिजवता खाल्ले जातात. त्यामुळे भाजी कोणत्या पाण्यावर पिकली, हा प्रश्न थेट आरोग्याशी येऊन भिडतो.

अग्रहाराच्या दक्षिणेकडील विद्यारण्यपुरम येथील एक परिसर आजही 'सुएज फार्म' या नावाने ओळखला जातो. सांडपाण्यावर शेती करण्याची पद्धत एकेकाळी भारतातील अनेक शहरांत रूढ होती, तिची ही खूण. स्वच्छ शहरांच्या राष्ट्रीय क्रमवारीत म्हैसूरने २०१६ मध्ये पहिला क्रमांक मिळवला होता. परंतु शहराच्या ताटातील भाजी शहराबाहेरच्या शेतातून येते.

संसर्ग कसा होतो?

बाधित व्यक्तीच्या विष्ठेतून जंतांची अंडी बाहेर पडतात. प्रक्रिया न केलेले सांडपाणी किंवा कच्चे मैलाखत यांमार्फत ती पालेभाज्या आणि कंदमुळांवर पोहोचतात. गोलकृमीची अंडी चिकट असून ओलसर मातीत काही वर्षेही टिकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे दीड अब्ज लोकांना मातीतून पसरणाऱ्या जंतांची बाधा आहे. मुलांमध्ये त्यामुळे कुपोषण व रक्तक्षय उद्भवतो.

कोबीविषयीचा गैरसमज

कोबीतील अळी मेंदूत शिरते, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती चुकीची आहे. धोका असतो तो मानवी विष्ठेतून भाजीवर आलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पट्टकृमीच्या अंड्यांचा. ही अंडी पोटात गेल्यास त्यांतील अळ्या रक्तावाटे मेंदूत पोहोचून अपस्माराचे झटके येऊ शकतात. म्हणूनच पूर्णतः शाकाहारी व्यक्तीलाही हा विकार होतो.

उपाय कोणते?

भाजी मिठाच्या पाण्यात ठेवल्यास किडे बाहेर येतात, पण जंतांची अंडी मरतातच असे नाही. पिण्याच्या पाण्यात वापरल्या जाणाऱ्या क्लोरीनलाही गोलकृमीची अंडी दाद देत नाहीत. त्यामुळे पाने सुटी करून वाहत्या स्वच्छ पाण्याखाली चोळून धुणे, कंदमुळांची साल काढणे आणि हात साबणाने धुणे महत्त्वाचे ठरते. खात्रीचा उपाय म्हणजे भाजी नीट शिजवणे.

राष्ट्रीय जंतनाशक दिनाची सुरुवात २०१५ मध्ये झाली. त्याअंतर्गत १ ते १९ वर्षे वयोगटाला अल्बेंडाझोल हे औषध दिले जाते. मात्र दूषित अन्न, पाणी आणि माती यांतून जंतांची बाधा पुन्हा होऊ शकते. कच्च्या खाण्यात येणाऱ्या पिकांसाठी वापरल्या जाणाऱ्या सांडपाण्यात लिटरमागे जंताच्या एकाहून अधिक अंडी नसावीत, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्येच सुचवली होती. कोशिंबीर निर्धोक करण्याचे काम स्वयंपाकघरात पूर्ण होत असले, तरी त्याचा आरंभ सांडपाणी प्रक्रिया केंद्रातच व्हावा लागतो.